वाचतेस की नुसती कव्हरं दाखवतेस?

ताई, नमस्कार.

मी एस.वाय. बी.ए.ला आहे, मराठी स्पेशल. गाव बार्शीजवळ, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. दोन वर्षांपासून इन्स्टाग्रामवर पुस्तकांच्या रील्स करते, ६१ हजार फॉलोअर्स आहेत. मला लेखिका व्हायचंय, तसं बायोमध्येच लिहिलंय. मागच्या महिन्यात आईवर लिहिलेली माझी पहिली कथा दहा स्लाइड करून टाकली. चार दिवसांनी एका मुलानं माझ्यावर व्हिडिओ केला. त्यात माझं ‘पानी’ आणि ‘कोन’ कापून तीन-तीनदा वाजवलंय, ‘महिन्यात १५ पुस्तकं’ या रीलची टर उडवलीय आणि शेवटी माझी कथा नाटकी आवाजात वाचलीय, मागे सनई लावून. माझ्या कुठल्याही रीलपेक्षा तो व्हिडिओ जास्त चाललाय.

खाली लोक काय वाट्टेल ते लिहितायत. ‘वाचते की नुसती कव्हरं दाखवते’, ‘पावडर लावून लेखिका होता येत नाही’, ‘आधी ण म्हणायला शीक’. एकानं तर मी राहते त्या गल्लीचं नाव टाकलं. वर्गाच्या ग्रुपवरही फिरलं सगळं. एक सर वर्गात म्हणाले, फॉलोअर्स वाढले म्हणजे वाङ्मय कळतं असं नाही. नाव घेतलं नाही, पण सगळे माझ्याकडे बघत होते.

एक खरं सांगते. त्या १५ पुस्तकांपैकी पूर्ण वाचलेली चारच होती. बाकीची पन्नास-साठ पानं. दोन पुस्तकं प्रकाशकानं फुकट पाठवली होती आणि एका रीलचे तीन हजार मिळाले होते, ते मी कुठं सांगितलं नाही.

एका बाईंनी अकरा ओळींची कमेंट लिहिलीय. एकही शिवी नाही, पण तीच जास्त लागली. त्या म्हणतात, कथेतली आई एकदाही स्वतःचं बोलत नाही, फोटोफ्रेमवर छापतात तसलं बोलते.

घरी सांगितलेलं नाही. अण्णांचा फोन आला होता, ‘तुझा कसला व्हिडिओ फिरतोय म्हणं’. मी म्हटलं कॉलेजच्या कार्यक्रमाचा आहे. आईला यातलं काही कळत नाही. ती रोज रात्री फोन करते, बोलणं संपलं तरी ‘ठेवू का’ असं तीनदा विचारते आणि ठेवत नाही, मग मीच ठेवते. परवा मी पहिल्याच ‘ठेवू का’ला ठेवला आणि नंतर झोपच लागली नाही.

अकाउंट डिलीट करावं आणि लिहिणं सोडावं असं वाटतंय. तुम्ही काय म्हणता?

– अर्धवट वाचलेली, पुणे

*

अर्धवट वाचलेली,

लिहिणं सोडायला निघालेलं माणूस सहीसाठी असं नाव शोधत बसत नाही. तेव्हा त्या धमकीकडे मी फारसं लक्ष देत नाहीये. पत्र छापताना दोन ठिकाणचे ‘कि’ दीर्घ केले आणि एक ‘आणी’ ऱ्हस्व केला, बाकी कशालाही हात लावलेला नाही. का नाही, ते पुढे येईल.

आधी गल्लीचं बघू, कारण ते टीकेत मोडतच नाही. त्या कमेंटचा स्क्रीनशॉट काढ, त्यात खात्याचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे, लिंक वेगळी कॉपी करून ठेव आणि मगच रिपोर्ट कर. उलट केलंस तर कमेंट उडेल आणि तिच्याबरोबर पुरावाही. रूमवरच्या मुलींना आणि घरमालकांना आजच सांग. कोणी परत परत मेसेज करायला लागलं, खाली येऊन उभं राहायला लागलं किंवा तुझ्या फोटोंशी खेळ केला, तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कर आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही जा. बाईच्या मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि इंटरनेटवरून पाळत ठेवणंही त्यात येतं. घाईची वेळ आली तर ११२.

पण ‘पावडर लावून लेखिका’ म्हणणाऱ्यावर केस ठोकावी असं मनात असेल, तर ते सोड. नुसता त्रासदायक मजकूर टाकला म्हणून उचलता येईल असं कलम होतं एके काळी, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ. २०१२ साली आपल्या पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं नुसतं लाइक केलं होतं. त्यावरूनच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०१५मध्ये ते कलम रद्द झालं. चांगलं झालं. पुस्तकांबद्दल मतं देणाऱ्या मुलीनं तर देवाजवळ दिवाच लावावा. ते कलम राहिलं असतं, तर तुझ्या रीलवर चिडलेला एखादा लेखक तुझ्याच नावानं ठाण्यात गेला असता.

आता १५ पुस्तकं. इथे मी तुझ्या बाजूनं नाही.

‘कव्हरं दाखवते’ ही कमेंट उद्धट आहे. सोळा आणे खरी नाही, पण बारा आणे आहे, आणि हा हिशेब तूच दिलायस. दोनशे पानांचं एक पुस्तक धरलं तरी महिन्याला १५ म्हणजे तीन हजार पानं. दिवसाला शंभर. लेक्चर, मेस, कपडे, रील शूट करणं, एडिट करणं, कमेंटना उत्तरं देणं, आणि वर शंभर पानं. बघणाऱ्यातल्या ज्यानं कधी एक जाड पुस्तक हातात धरलंय त्याला हे गणित जमतं. इतके दिवस ते कोणी बोललं नाही, एवढंच.

पन्नास पानांवर पुस्तक ठेवून देण्यात काही पाप नाही. मी ठेवून दिलेल्या पुस्तकांची यादी वाचून संपवलेल्यांपेक्षा लांब भरेल. मात्र ठेवून दिलेलं पुस्तक वाचलं म्हणून दाखवायचं नाही. खरं तर ‘हे मी साठाव्या पानावर का ठेवलं’ ही रील मी कितीतरी आवडीनं बघितली असती. त्यात तुला काहीतरी म्हणावं लागलं असतं. ‘मस्ट रीड’ म्हणायला काही म्हणावं लागत नाही.

तीन हजारांचं त्याहून सरळ आहे. पैसे घेऊन केलेल्या शिफारशीवर तसं लिहायचं, हा नियम जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेनं २०२१मध्ये इन्फ्लुएन्सर मंडळींना लावला आणि जानेवारी २०२३मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानंही तेच सांगितलं. नुसते पैसे नाहीत, फुकट आलेली वस्तूही त्यात धरतात, म्हणजे ती दोन पुस्तकंसुद्धा. फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. तुझ्या तीन हजारांसाठी कोणी दारात येणार नाही, घाबरू नकोस. पण तुझं ऐकून कुणा मुलीनं मेसचे पैसे वाचवून ते पुस्तक घेतलं असेल, तर तिला हे आधी कळायला हवं होतं.

तर एक रील कर. वीस सेकंदांची. संगीत नको, डोळ्यांत पाणी नको, ‘काही लोकांना माझी प्रगती बघवत नाही’ तर अजिबात नको. मजकूर हा घे: ‘महिन्यात १५ पुस्तकं या रीलमधली चार मी पूर्ण वाचली होती. दोन प्रकाशकाकडून भेट आली होती. अमक्या रीलचे मला पैसे मिळाले होते. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. यापुढे सांगेन.’ ती सगळ्यात वर पिन करून ठेव. ‘बघा, कबूल केलं’ म्हणून दोन दिवस धिंगाणा होईल. होऊ दे. कबूल केलेल्या गोष्टीवर दुसरा व्हिडिओ करणं फार कंटाळवाणं काम असतं.

‘पानी’च्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे तुझ्या बाजूची आहे आणि जरा तापलेलीच आहे. सोलापूरपासून विदर्भ-खानदेशापर्यंत किती माणसं ‘पानी’ पितात याची या पेठांमध्ये बसलेल्यांना कल्पना नसावी. आणि हा खेळ काही रीलवाल्या पोरांनी शोधलेला नाही. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली आली आणि दुसऱ्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली. तिच्यात शास्त्रीबुवांनी फुल्यांच्या व्याकरणाची यथेच्छ टर उडवली. विचारांना उत्तर देण्यापेक्षा भाषेच्या चुका काढणं नेहमीच सोपं जातं. फुल्यांनी काय केलं? १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला, त्याच आपल्या भाषेत. तू फुले नाहीस आणि तो मुलगा चिपळूणकर नाही, हे मलाही कळतं. पण कॅमेऱ्यासमोर जीभ वळवून ‘पाणी’ म्हणायची सवय लावून घेऊ नकोस. ती सवय हळूहळू कागदावर उतरते.

तुझ्या तर उतरलीच आहे.

तुझी कथा मी वाचली. आधी मनात, मग मोठ्यानं, साध्या आवाजात, सनई न लावता. वाईट वाटेल, पण सांगते. शेवटच्या दोन स्लाइडना साध्या आवाजात वाचायला गेलं की आवाज आपोआप नाटकी होतो. त्या मुलानं टिंगल केली हे खरं, पण कच्चा माल तुझा होता. तिसऱ्या स्लाइडवर आई चुलीपुढे बसून म्हणते, ‘बाळा, आयुष्य म्हणजे वाहतं पाणी, थांबलं की गढूळ होतं.’ बार्शीजवळच्या गावातली, भाकरी थापणारी बाई हे बोलते? आणि ‘पाणी’ म्हणून? आणि तुला ‘बाळा’ म्हणून? तुझ्या पत्रातले अण्णा ‘फिरतोय म्हणं’ असं बोलतात. एका शब्दात मला ते ओसरीवर बसलेले दिसले. कथेतल्या आईच्या तोंडून मात्र तू गाव पुसून काढलंस. ज्या मुलानं तुझ्या ‘पानी’ची टिंगल केली, त्याच्याआधी तूच तुझ्या आईची भाषा शुद्ध करून घेतलीस. त्या बाईंच्या अकरा ओळी एवढ्यासाठी लागल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे.

आता हे बघ. कथेतलं वाक्य: ‘तिच्या हातांच्या सुरकुत्यांमध्ये मला आयुष्याचा नकाशा दिसला.’ पत्रातलं वाक्य: ‘बोलणं संपलं तरी “ठेवू का” असं तीनदा विचारते आणि ठेवत नाही, मग मीच ठेवते.’ पहिलं लिहायला तुला किती वेळ लागला असेल कोण जाणे, दुसरं तू मला सांगता सांगता लिहून गेलीस. पहिल्यात आई नाहीच, सुरकुत्या आहेत, त्या कुणाच्याही असतात. दुसऱ्यात आई आहे, तू आहेस, मधलं दोनशेएक किलोमीटरचं अंतर आहे आणि फोन कोणी ठेवायचा ही रोजची झोंबाझोंबी आहे. त्यावर पुन्हा ‘पहिल्याच “ठेवू का”ला ठेवला आणि नंतर झोपच लागली नाही’. एवढंच. दुःख झालं, अपराधी वाटलं, असलं काहीही तू लिहिलं नाहीस. पत्राला मी हात लावला नाही तो यासाठी.

पु. लं.च्या आणि व. पुं.च्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेली वाक्यं रोज सकाळी फुलांच्या फोटोसकट फिरत असतात, बघतेस ना? ती फिरू शकतात कारण त्या वाक्यांखाली कुणाचंही नाव चालतं. वाहत्या पाण्याखालीही चालेल. ‘ठेवू का’खाली चालणार नाही.

कथेचं असं का झालं, यात थोडा दोष त्या दहा स्लाइडचा आहे. मी मोजलं. दहापैकी आठ स्लाइड टाळीच्या वाक्यावर संपतात. तिथे वाचणाऱ्यानं बोट सरकवलं पाहिजे ना, म्हणून तळाशी काहीतरी चमकदार ठेवावं लागतं. रीलमध्येही पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरावा लागतो. दोन वर्षं तू हेच शिकलीस आणि चांगलं शिकलीस, ६१ हजार माणसं उगाच येत नाहीत. पण कथेला अधूनमधून कंटाळवाणं होण्याची मोकळीक लागते. बाई भाजी निवडत बसली आहे, अर्धं पान काहीच होत नाही, आणि मग ती एक वाक्य बोलते. ते अर्धं पान स्लाइडवर मरतं.

माझंही एक सांगते. तेविसाव्या वर्षी मी एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. महिन्यानं साभार परत आली, आत पोस्टकार्ड. संपादकांचं अक्षर तिरकं आणि बारीक होतं. ‘कथा परत करत आहे. शेवट तुम्हाला पहिल्या पानावरच माहीत होता, म्हणून आम्हालाही होता.’ बस. मी ते कार्ड फाडलं, मग तुकडे जुळवून चिकटवलं, मग आठ महिने त्या माणसाबद्दल मैत्रिणींना वाईटसाईट सांगत फिरले. नवव्या महिन्यात कथा काढून वाचली. माणूस बरोबर होता. मला मात्र एक सोय होती जी तुला नाही. ते कार्ड फक्त पोस्टमननं आणि मी वाचलं होतं. तुझं पोस्टकार्ड लाखभर लोकांनी वाचलं आणि प्रत्येकानं खाली आपली सही केली. म्हणून ते इतकं लागतंय. मजकूर मात्र एकाच बाईंचा आहे, बाकीचे नुसते सह्या करणारे.

त्या बाईंना उत्तर दे. ‘वाचलं. आईच्या बोलण्याबद्दल तुमचं बरोबर आहे.’ एवढंच लिही. हात जोडलेले इमोजी नकोत, ‘तुमच्यासारख्या वाचकांमुळेच’ वगैरे तर नकोच. त्या मुलाला उत्तर देऊ नकोस. त्याला तुझ्या उत्तराचाही व्हिडिओ करता येतो.

सरांचं म्हणाल तर वाक्य खोटं नाही. फक्त नाव न घेता, भरल्या वर्गात, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला ऐकवायला त्यांना फार हिंमत लागली नसेल. सोडून दे. वर्गातल्या कुणी ग्रुपवर घाणेरडं काही टाकलं असेल तर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येतं, हे माहीत असू दे.

अकाउंट डिलीट करू नकोस. केलंस तरी इन्स्टाग्राम तीस दिवस थांबतं, म्हणजे महिनाभर रोज रात्री ‘परत घ्यावं का’ याचाच विचार करत बसशील. खुलाशाची रील टाक, आठवडाभर राहू दे, मग परीक्षा संपेपर्यंत डिॲक्टिव्हेट कर आणि ॲप फोनमधून काढ. परत आलीस की महिन्याला तीन पुस्तकं, पण पूर्ण. फॉलोअर्स कमी होतील. बायोमधलं लेखिकेचं वाक्यही तूर्त काढून ठेव. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण दुकान उघडण्याआधी पाटी लावली की येणारा-जाणारा आत काय आहे म्हणून विचारत राहतो.

नवी कथा स्लाइडवर टाकायची नाही. दोन माणसांना दाखव. एक असं, ज्याला तू आवडतेस, आणि एक असं, ज्याला तुझ्याशी काही देणंघेणं नाही. मग एखाद्या दिवाळी अंकाला पाठव. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपल्याकडे नवखी माणसं त्या दारातून आत येत आलीत आणि तितकीच तिथून परतही जात आलीत. बहुतेक अंकांचं साहित्य पावसाळ्याच्या तोंडालाच गोळा व्हायला लागतं, त्यामुळे यंदाच जमलं पाहिजे असा हट्ट धरू नकोस.

राहिले अण्णा. त्यांना आजच फोन कर. कॉलेजचा कार्यक्रम नाही हे एव्हाना त्यांना कळलेलं असणार. गावात असला व्हिडिओ बापाला नेऊन दाखवायला चार जण टपलेलेच असतात. सांग की एका मुलानं माझ्या बोलण्याची टिंगल केलीय, एकदोन गोष्टी माझ्याही चुकल्या होत्या त्या मी सांगून टाकतेय, आणि पत्त्याचं मी बघितलंय. ते बहुधा थोडा वेळ गप्प बसतील आणि मग जेवलीस का विचारतील.

आणि एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच नाही. कथा ६१ हजार लोकांपुढे ठेवलीस, पण आईला वाचून दाखवलीस का? ही राहू दे. नवी लिहून झाली की रात्रीच्या फोनवर तिला वाचून दाखव. मधेच ती ‘मी आसं कुठं म्हनले व्हते’ म्हणाली, तर ते वाक्य तिथल्या तिथे खोड.